बाजारापुरतं लुगडं

धार काढताना चरवी लवंडली म्हणून नवऱ्यानं मला म्हशीच्या पुढ्यातच दाव्यानं झोडपलं. मी कोगनोळीला माहेरी निघून आले. चौथ्या दिवशी तो दारात उभा, हातात आमच्या चांदी म्हशीचं दावं. लढाईचे दिवस होते. बेळगावच्या छावणीला दूध लागायचं, निपाणीच्या बाजारात दुभत्या म्हशीवर उड्या पडायच्या. मला वाटलं, न्यायला आला असेल. तो म्हणाला, "हिला बाजारात इकाया निघालोय. तुझं जुनं लुगडं दे. तू गेल्यापासनं ही पान्हाच सोडीना. गिऱ्हाइकापुढं ते नेसून धार काढतो. वासानं फसंल." मिशीला पीळ भरलेला गडी बायकोचं लुगडं मागत होता! आमची आक्का तोंडाला पदर लावून हसली. मी म्हणाले, "ओळखीचा हात लागला की सडापासनं डोस्क्यापतोर सांगावा जातोय, मग कास सुटती. अंगात भ्या शिरलं की सांगावा वाटंतच अडतोय." माझा आवाज ऐकून चांदीनं मान वळवली, रेकली, आणि कुणी हात न लावता तिच्या चारी सडांतून दूध अंगणात गळायला लागलं. ते बघून नवऱ्याचा आवाज मऊ झाला. "चल की गं. बाजारापुरतं तरी चल." मी आतून लुगडं आणलं आणि त्याच्या खांद्यावर फेकलं. "मला मारलंसा तवा ती बघत हुती. लुगडं न्या. हात कुणाचा मागून आणणार?"