रजेवर आलेली शांतता

सरकार, तुम्ही त्याला जहाजात घालून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सोमालियाला पाठवलंत. दुसऱ्यांच्या भांडणात मधे उभा राहा म्हणालात, तो राहिला. पण त्याच्या आईला गावच्या विहिरीत दोर सोडता येतो का, हे विचारायची तुम्हाला कधी गरज वाटली नाही. तुम्हाला जगात नाव हवं होतं. ते मिळालं.

गावालाही मिळालं. एक मेच्या झेंडावंदनाला सरपंचांनी रजेवर आलेल्या बुद्धभूषणला मुद्दाम गणवेशात बोलावलं. 'ती परदेशातली निळी टोपी घालूनच ये,' असा निरोप धाडला. बौद्धवाडीवरचा निळा झेंडा ज्यांच्या डोळ्यांत खुपायचा, त्यांनीच त्या निळ्या टोपीला टाळ्या वाजवल्या. "आपल्या गावचा पोरगा जगाला शांतता शिकवून आला," सरपंच म्हणाले आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

हार हातात घेऊन तो घराकडे निघाला, तर वाटेत विहिरीपाशी आई दिसली.

वाडीची विहीर होळीनंतर तळ दाखवते. मग वाडीतल्या बायका गावच्या विहिरीवर येतात आणि कठड्यापासून लांब, करंजाखाली हंडे मांडून बसतात. गावातली एखादी बाई आपलं पाणी भरून झालं की यांच्या हंड्यात वरून ओतते. ओतलं तर ओतलं. भातसाचं धरण टेकडीपलीकडेच आहे, पण ते पाणी मुंबईचं.

त्याची आई, धोंडीबाई, सकाळपासून बसली होती.

"आये, ऊठ. हंडा आन."

"तू जा रे घरी. पानी घालतील इतक्यात."

कठड्यावर पाणी शेंदणारी गावातली निर्मलावहिनी हसली. "अरे भूषण, शिवाशीव आता कोन मानतंय? दोर आमचा हाय, म्हणून आमी घालतो. येवढंच."

"दोराचीच अडचन हाय ना वहिनी?"

तो घरी गेला आणि लष्कराच्या पिशवीतला स्वतःचा दोर घेऊन आला. कठड्यावर बूट रोवला, आईची कळशी बांधली आणि आत सोडली.

कुणी अडवलं नाही. गणवेशाला कोण अडवणार? निर्मलावहिनीने फक्त आपला अर्धा भरलेला हंडा तिथेच उपडा केला. मे महिन्यात, चांगलं पाणी. "चला गो," ती बाकीच्यांना म्हणाली, "मिल्ट्री आली आता पान्यावर." एकेक करत गावातल्या सगळ्या निघाल्या. करंजाखालच्या वाडीच्या बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. जमिनीत जिरणाऱ्या त्या पाण्याकडे बघत राहिल्या.

बुद्धभूषणने कळशी वर ओढली. त्याला हसू आवरत नव्हतं.

"बघ, झालं ना? तिकडं पन असंच होतं आये. दोन टोळ्या, एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, आन विहीर एकच. मी मधे बंदूक घेऊन उभा राहायचो. एक हंडा ह्यांचा, एक हंडा त्यांचा. आमी होतो तवर कुनी दगड उचलला नाय."

"आन आता?"

"आता काय?"

"आता तिथं कोन उभा हाय?"

तो दोर गुंडाळू लागला. "कोन नाय. भांडन काय मिटंना, मंग वरून हुकूम आला. आमाला परत बोलावलं."

"मंग त्या बाया?"

त्याचे हात थांबले. निघायच्या दिवशी ट्रकच्या मागच्या फळीवरून त्याला ती विहीर दिसली होती. बायका हंडे घेऊन नेहमीसारख्या आल्या होत्या. एका टोळीची पोरं बंदुका घेऊन कठड्यावर येऊन बसत होती. त्या बायकांतल्या एका म्हातारीने ट्रककडे बघून हात वर केला होता. ती निरोप देतेय असं समजून त्यानेही हात हलवला होता.

"आये, हंडा सरळ धर," तो म्हणाला आणि कळशी कलती केली.

धोंडीबाईने हंड्याच्या तोंडावर पंजा ठेवला. पाणी तिच्या बोटांवरून खाली सांडलं.

"भाताच्या लावनीला मी सरपंचाच्या शेतात जाते. आत्ता निघून गेल्या त्याच बायांच्या संगती. घोटभर पानी बी त्याच देतात," ती म्हणाली. "तू रजा सपली की जाशील. मंग इथं कोन उभा राहील?"

त्याने कळशी पुन्हा कलती केली. तिने पंजा काढला नाही.

"ते सांग आधी. मंग ओत."