अख्तरीच्या कॉम्प्युटरवर

वसमतला हळदीचा व्यापार करणाऱ्या किसनरावांनी ऑफिसातल्या पाचही कॉम्प्युटरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं, ते कामचुकार पकडायला. महिन्याभरात कळलं ते भलतंच. हळदीच्या वजनाचे तक्ते, व्यापाऱ्यांची पत्रं, जीएसटीची कागदपत्रं, एवढंच काय, मॅनेजर विश्वंभररावांच्या नावानं येणारे अहवालसुद्धा एकाच कॉम्प्युटरवर तयार होत होते. कोपऱ्यात मान खाली घालून बसणाऱ्या अख्तरीच्या.

नऊ वर्षांत तिचा पगार वाढवायचं किसनरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. खजील होऊन त्यांनी केबिनमधूनच तिची स्क्रीन उघडून पाहिली. त्या क्षणी ती टाईप करत होती, ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’

किसनराव चपला न घालताच बाहेर धावले.

“अख्तरीबाई, काहून सोडून चालल्या? काय तकलीफ हाय ते सांगा. पगार दीडपट करतो, हेडक्लार्क करतो, पन जाऊ नका!”

अख्तरी गोंधळून त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं एकदा स्क्रीनकडं पाहिलं आणि ओढणी सावरत गालातल्या गालात हसली.

“हे लिहून देता का, मालक?”

किसनरावांनी तिथंच, उभ्या उभ्या लिहून सही ठोकली. अख्तरीनं कागद दोनदा वाचला, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली.



“लई मेहरबानी, मालक. पन राजीनामा विश्वंभर साहेबांचा हाय. त्यांचं सगळं टायपिंग मीच करून राहिले ना!”