खिडकीबाहेर

निवृत्त झाल्यावर निवांत लिहायचं, असं कुमुदिनीताईंनी कितीदा ठरवलं होतं. चिपळूणच्या एसटी स्टँडवर चौकशी खिडकीत बसून त्यांचा जन्म माणसांच्या बडबडीला कंटाळण्यात गेला. गाडीची वेळ सांगायची आणि म्हणायचं, "पुढे व्हा." कथा त्या घरी येऊन, कशाबशा सापडलेल्या वेळात लिहायच्या.

आता वेळच वेळ होता, घर शांत होतं आणि कागद कोरा. नुसतं त्याच्यासमोर बसूनच त्या थकून जात.

एका सकाळी त्या उगाच स्टँडवर जाऊन बाकावर टेकल्या. शेजारच्या बाईने विचारलं, "गुहागर गाडी गेली का हो?"

"लागेल आता."

"लेकीला कायमची माहेरी आणायला चाललेय," बाई पदराशी चाळा करत म्हणाली. "तिच्या सासरी एकटीनं शिरायचं, याचीच धास्ती वाटतेय."

अशा वेळी काय बोलावं, हे कुमुदिनीताईंना कधीच सुचत नसे.

गाडी लागली. बाई कशीबशी उठली.

"थांबा," ताई म्हणाल्या, "मी येते सोबत. मला फारसं बोलता येत नाही, पण शेजारी उभी राहीन."