कटिंग मशीनचं दुसरं बटण

वर बसून फोन फिरवणाऱ्यांनो, सांडूला तुम्ही दोनदा मारलं. पहिल्यांदा वाळूजच्या कारखान्यात. दुसऱ्यांदा आज सकाळी, त्याच्या आईच्या मोबाइलमध्ये.

सरूबाईला वाचता येत नाही. धाकट्या लेकानं, गोकुळनं, थोरल्या भावाच्या, सांडूच्या मरणावर पुस्तक लिहिलं. मुकुंद प्रकाशकानं ते छापलं, आपल्या ॲपवर ऐकायलाही ठेवलं. बजाजनगरच्या खोलीत भाकरी थापताना ती रोज ते लावायची. सांडू कारखान्यात कसा गेला ते प्रकरण लागलं की तिचा हात परातीत थांबायचा. आज ते प्रकरण आलंच नाही. सरळ पुढचं लागलं.

"गोकुळ," तिनं विचारलं, "आपला सांडू कुठं गेला रं?"

गोकुळनं आपल्या मोबाइलवर पाहिलं. तिथंही नव्हता. भाकरी तव्यावर करपायला लागली तेव्हा त्याची मोटारसायकल रस्त्याला लागलेली होती.

मुकुंद आपल्या छापखान्यातच सापडला. गोकुळच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचे गठ्ठे कडा कापायला कटिंग मशीनपाशी रचले होते. मशीनवर कामगार मोतीराम होता. गोकुळनं वरचंच पुस्तक उचललं, चाळलं. ते प्रकरण यातूनही गेलं होतं.

"अरे ये, ये. तुला फोन करणारच होतो," मुकुंद म्हणाला. "एक प्रकरण तेवढं काढलंय. वरून फोन आला होता. कुणाला कळणारही नाही बघ. इकडे फाइल बदलली की लोकांच्या मोबाइलवर आपोआप..."

गोकुळनं हातातलं पुस्तक उभं धरून त्याच्या तोंडावर हाणलं. चष्मा फुटला. नाकातून रक्ताची धार लागली. दुसरा फटका कानशिलात बसला तसा मुकुंद गठ्ठ्यांवर कोसळला. मोतीराम मधे पडायला धावला. त्याच्या छातीत गोकुळचं कोपर बसलं आणि तो भिंतीवर जाऊन आदळला.

"कुणाचा फोन?"

"नाव नाही सांगता येणार. समजून घे ना, मलाही याच गावात धंदा करायचाय. आणि एका प्रकरणानं काय होतं? बाकी पुस्तक तर तसंच आहे!"

"मयत उचलून नेली, अन् तिरडी तशीच हाय म्हणून सांगता व्हय साहेब?"

त्यानं मुकुंदचं मनगट धरलं, त्याला फरफटत मशीनपाशी आणलं आणि त्याचा पंजा पात्याखाली दाबून धरला.

मुकुंद रक्ताळल्या तोंडानं हसला. "नाटकं बंद कर. एका हातानं पडत नाही ते पातं. दोन बाजूंना दोन बटणं आहेत, दोन्ही एकदम दाबावी लागतात. तुझा एक हात तर माझ्या मनगटावर आहे."

हे गोकुळला कुणी शिकवायची गरज नव्हती. सांडू कारखान्यात पत्रा दाबायच्या ज्या प्रेसवर होता, तिलाही दोन बटणं होती. कामगाराचे दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे यंत्राखाली जात नाहीत, एवढ्यासाठीच. पण माल भराभर निघावा म्हणून तिथलं एक बटण चिकटपट्टीनं दाबून बांधलं होतं. सांडूचे दोन्ही हात गेले, दवाखान्यात नेताना रस्त्यात जीव गेला. चौकशीत लिहिलं, कामगारानं स्वतःच बांधलं. बांधायला लावलं कुणी, एवढंच गोकुळनं त्या प्रकरणात विचारलं होतं.

त्यानं मोकळा हात जवळच्या बटणाकडं नेला.

"भाऊ!" मोतीराम भिंतीपासून किंचाळला. "आधी हात काढा त्यांचा! पाया पडतो, हात काढा!"

गोकुळनं मान वळवली. मोतीरामची नजर त्याच्यावर नव्हतीच. ती मशीनच्या पलीकडच्या बाजूला खिळली होती. तिथल्या बटणावर गठ्ठे बांधायची खाकी चिकटपट्टी गच्च गुंडाळलेली होती.

गोकुळनं मुकुंदचा हात बाहेर ओढला, पण मनगट सोडलं नाही. पात्याखाली पुस्तकांचा गठ्ठा आडवा सारला आणि एक बटण दाबलं.

धप्प.

गठ्ठ्याचे दोन तुकडे झाले. मुखपृष्ठावरचं गोकुळचं नाव अर्धं इकडं पडलं, अर्धं तिकडं.

मुकुंदचं हसू कुठल्या कुठं गेलं. "मोतीराम," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे... हे तूच बांधलंस ना रे? सांग ना याला. तू स्वतःच बांधलंस."

मोतीरामनं मालकाकडं पाहिलं. मग खाली, स्वतःच्या दोन्ही पंजांकडं पाहिलं.

गोकुळनं तुकडे झालेला गठ्ठा ढकलून दिला. मुकुंदचा पंजा पुन्हा पात्याखाली नेला आणि बोट बटणावर टेकवून ठेवलं.

"मोतीराम, घाबरू नको. पण मोठ्यानं सांग, बजाजनगरला माझ्या मायला ऐकू गेलं पाह्यजे. हे बटण तुला बांधायला कुणी लावलं?"