चौथं वल्हं

किनाऱ्यावर भोंगा वाजला तेव्हा गावच्या बचाव होडीपाशी तिघेच पोचले, तिघेही साठीपुढचे. खडकाजवळ मासेमारीची होडी उलटली होती. बचाव होडीला मात्र चार वल्ही होती. चौथं त्या तिघांतल्या वासुदेव कुबलांचा मुलगा मारायचा. दोन वर्षांपूर्वी असाच कुणाला तरी वाचवायला गेला, तो परतलाच नाही. त्यानंतर नवा स्वयंसेवक मिळाला नव्हता.

"तिघांक जमाचा नाय," कुबल वाळूत बसले. "ह्या सगळा आता बंद करूया."

त्यांची सून सुगंधा शेजारीच बांगडे सुकत घालत होती. पदर खोचून ती होडीत चढली.

"तू उतर! माझो झील ह्या दर्यान न्हेलो, तितक्या पुरे."

"माका ठावक आसा, बाबा. पण थंय कोणाचो तरी घोव बुडता, माझो बुडालो तसो."

 कुबलांनी उठून होडीला खांदा दिला.

दोघांना जिवंत घेऊन ते परतले तेव्हा सुगंधाच्या तळहातांची सालं निघाली होती. कुबल धापा टाकत तिच्याजवळ टेकले.  त्यांनी तिचे हात उलटवून पाहिले.

"पुढच्या वेळेक," ते म्हणाले, "हातांक फडको बांधून ये."