जागच्या जागी

“आई, हा नवा लोडर जागच्या जागी वळतो. तुझ्या ट्रॅक्टरला वळायला अख्खं रान लागतं,” असं म्हणत लेक शेणाचा ढीग उचलायला निघाला. माझा तीस वर्षांचा ट्रॅक्टर न्यायला आलेला भंगारवाला गोठ्याच्या दारात चहा पीत होता. सौदा लेकाने ठरवला होता.

आठवडाभराच्या पावसाने गोठ्यामागे नुसता राडा झालेला. लोडर त्यात शिरला आणि खरंच जागच्या जागी वळला. जितका वळला, तितका रुतला. चारही छोटी चाकं चिखलात गेल्यावर लेक माझ्याकडे न बघता म्हणाला, “साखळी आण.”

ट्रॅक्टरची बॅटरी कधीचीच गेलीय, म्हणून तो कायम उतारावर उभा असतो. मी चाकापुढचा दगड बाजूला केला, पदर खोचून वर चढले आणि ब्रेक सोडला. खाली येता येता तो दोनदा खोकला, मग सुरू झाला. अख्ख्या रानाला वळसा घालून मी कोरड्या बांधावर गेले. लेकाने साखळी अडकवली. मागची मोठी चाकं जरा घसरली, मग त्यांनी जमीन धरली. लोडर मागल्या पावली बाहेर आला.

“उतर आता. ते भंगारवाले थांबलेत,” लेक म्हणाला.

“त्यांना म्हणावं, जो आपल्या पायाने निघत नाही, तो न्या.”

कप घेऊन मागे आलेला भंगारवाला हसला. मी ट्रॅक्टर पुन्हा उतारावर नेला. चाकापुढे दगड मात्र लेकानेच ठेवला.