नातेवाइकाची सही

“एवढी एक सही कर ना, आजी,” रोंडा म्हणाली. “चार वाजता अर्ज बंद होतो.”

फिलोमीन आजीने पेनाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बॅनकचा, जाड भाकरीचा, तुकडा चहात बुडवला आणि मऊ होईपर्यंत तसाच धरून ठेवला. तिला दात नव्हते, आणि घाईही नव्हती.

तळ्याकाठी, जिथे पूर्वी ती शाळा होती, तिथे मुलांच्या नावांची शिळा उभी राहायची होती. आदिवासी पोरांना सरकारी हुकमाने घरांतून उचलून नेणारी, बाटवणारी, त्यांच्या तोंडातली मायबोली क्री छडीने झोडून काढणारी शाळा. तिथून जी परत आली नाहीत त्यांची नावं कोरायची, गोडगवत जाळून पवित्र धूर करायचा, चार दिवस सगळ्या गावाने एकत्र जेवायचं आणि एकदाचं रडून घ्यायचं. यासाठी सरकार निधी देत होतं. पोरं ज्यांनी नेली तेच आता अटी घालत होते. नाव शाळेच्या नोंदवहीत हवं आणि त्याखाली हयात नातेवाइकाची सही हवी. दोन्ही असेल तरच नाव दगडावर.

आजीची सही केव्हाची तयार होती. तिच्या धाकट्या भावाचं नावच नोंदवहीत नव्हतं. गावातर्फे निधीचं काम बघणारी रोंडा तीन महिने शोधत होती. बापाच्या आडनावाखाली एकटी फिलोमीन सापडली.

“पायेसायस असं कुठेच लिहिलेलं नाही, आजी.”

“पियेसीस!” आजी कडाडली. “पियेसीस म्हणजे पाखरू. पायेसायस म्हणजे काय डोंबल? आपली भाषा बोलतेस की दगड चावतेस?”

रोंडा ओशाळून हसली. तिचा काही दोष नव्हता. तिच्या आईने त्याच शाळेत छड्या खाल्ल्या होत्या, आणि त्या धास्तीने लेकीशी ती क्रीचा एक शब्द बोलली नव्हती. त्यामुळे रोंडा सगळी नावं इंग्रजी धाटणीने वाचायची.

“आता हे बघ. याचं बरोबर उलटं आहे,” ती म्हणाली. “नोंदवहीत नाव आहे, पण सहीला कोणी नाही. पॉल नेसायमस. पॉल शाळेनेच ठेवलं असणार. बापाचं नाव नाही, गावाचं नाही. पुढे फक्त ‘मृत’. घरोघरी विचारून आले, सगळे म्हणतात आमचा नाही.”

“नेसायमस? असलं आडनाव या तळ्याकाठी मी जन्मात ऐकलं नाही. कुठला तरी लांबचा असेल.”

“म्हणून तर म्हणते, तू सही कर. आत्या, मावशी, काहीही लिहू. कोण बघायला येतंय? पोर दगडावर तरी येईल.”

आजी एरवी मायाळू बाई. गावातलं कुठलंही मूल येऊन तिच्या ताटात हात घालायचं. पण त्या दुपारी तिचं मन कडू झालं आणि तिने ते लपवलं नाही. सत्तर वर्षं ती एका नावासाठी दारोदार फिरली होती. आणि जागा कोणाला मिळणार, तर कुठल्या उपऱ्याला.

“माझ्या भावाला जागा नाही आणि परक्या पोरासाठी मी खोटी सही करू? खोड ते नाव.”

“आजी, अगं...”

“खोड म्हणते ना! ज्याचं कोणी नाही त्याला दगड कशाला हवा?”

रोंडाने कागदावर रेघ मारली, संगणकातून नाव काढलं आणि चारला तीन मिनिटं असताना अर्ज पाठवला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. अर्ज स्वीकारला आहे, यापुढे बदल करता येणार नाही. आजीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

“तुझ्या भावासाठी वेगळं पत्र लिहू,” रोंडा नवा कागद घेत म्हणाली. “त्याला शाळेत कसं नेलं ते सांग.”

“त्याला न्यायला आलेच नव्हते गं. यादीत मी एकटी होते. तो माझ्या झग्याला लटकला. मीही त्याचा हात सोडला नाही, मलाच भीती वाटत होती. शेवटी दोघांना ट्रकमध्ये टाकलं. शाळेच्या दारात एक नन वही घेऊन बसली होती. तिने त्याच्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. मला तिची भाषा कळली नाही, पण बोट कळलं. हा कोण, असंच विचारत असणार. मी सांगितलं, तिने लिहून घेतलं आणि त्याला मुलग्यांच्या बाजूला ओढत नेलं. मग कुंपणापलीकडून दिसायचा. दुसऱ्या हिवाळ्यात दिसेनासा झाला.”

“तू काय सांगितलंस तिला?”

“निसीमिस.”

रोंडा एकेक इंग्रजी अक्षर जुळवत लिहू लागली. शब्द पुरा झाला आणि तिचा हात थांबला. तिने मघाचा कागद जवळ ओढला. रेघेखालची अक्षरं आणि आत्ता लिहिलेली अक्षरं ती पुन्हा पुन्हा ताडून बघत राहिली.

“आजी,” ती अगदी हळू म्हणाली, “निसीमिस म्हणजे काय?”

“माझा धाकटा भाऊ. दुसरं काय सांगणार होते मी तिला?”

रोंडाने तो कागद आजीसमोर ठेवला आणि खोडलेल्या नावावर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं, “पॉल निसीमिस.” या वेळी तिचा उच्चार चुकला नाही.

त्या शाळेत जाऊनही आजीला वाचता येत नव्हतं. ती बोटाकडे बघत राहिली. मग तिने टेबलावरचं पेन उचललं.

“रोंडा,” तिने विचारलं, “सही कुठे करायची होती गं?”